बॅग सर्वांत शेवटी

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत पहिली खरेदी होते ती चाकांच्या बॅगेची. मागोमाग चादरी, स्टीलचे डबे, नवा मोबाइल. मूल घरातून निघणार, हे स्वतःला पटवून देण्याची ही आपली रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण बॅग एका संध्याकाळी मिळते, जात वैधता प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्या हातातली कामं आपण हौसेनं आधी उरकतो आणि दुसऱ्याच्या सहीशिक्क्यावर अडलेली 'बघू नंतर' म्हणून ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये सेतू केंद्राबाहेर जी धावपळ दिसते, तिचं मूळ बऱ्याच अंशी या उलट्या क्रमात असतं.

हाताशी वेळ पुष्कळ आहे असंही वाटत राहतं. 2025मध्ये राज्य मंडळाचा बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्टमध्येही चालूच होत्या. म्हणजे मधे तीन महिने. पण हे महिने घरच्यांच्या मालकीचे नसतात. सीईटी सेल वेळापत्रक जाहीर करतो, ते बदलतो, मुदत वाढवतो किंवा वाढवत नाही. तहसील कार्यालय, प्रांत कार्यालय, पडताळणी समिती, बँक, कॉलेज या प्रत्येकाची गती वेगळी. म्हणून कामांची यादी करताना 'महत्त्वाचं' आणि 'बिनमहत्त्वाचं' असे रकाने पाडू नयेत. प्रत्येक कामापुढे एवढंच लिहावं, की याची तारीख कोणाच्या हातात आहे? आपल्या हातात नसलेली सगळी कामं वर घ्यावीत. यादी अशी लावली की बॅग आपसूक तळाशी जाते.

या यादीत सर्वांत वर येते ती व्हॅलिडिटी, म्हणजे हेच जात वैधता प्रमाणपत्र, अर्थात ज्यांना राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. जातीचा दाखला हातात असला की काम झालं असं अनेक पालक धरून चालतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला तो एकटा पुरत नाही. महाराष्ट्राच्या 2000च्या कायद्यानं दाखला देणं आणि त्याची पडताळणी करणं ही दोन वेगळी कामं ठरवली आहेत. दाखला प्रांताधिकारी देतात, पडताळणी समिती करते. आणि समिती आजचं काही फारसं विचारत नाही, ती विचारते जुनं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या मानीव तारखा आहेत. त्या तारखेच्या आधीचा, कुटुंबाची जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा पुरावा लागतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला कॉम्प्युटर सायन्स शिकायचं असतं आणि त्यासाठी शोध घ्यावा लागतो आजोबा कोणत्या जीवन शिक्षण मंदिरात चौथी पास झाले याचा.

हा शोध घरबसल्या होत नाही. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधला प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलमधल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक, जुने खरेदीखत अशा ठिकाणी हात घालावा लागतो. दाखला मिळतो तोही मानीव तारखेला पूर्वज जिथे राहत होते त्या भागातल्या अधिकाऱ्याकडून. त्यामुळे मुंबईत जन्मलेल्या, ठाण्यात वाढलेल्या मुलाचं कामही साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या तालुक्याला जाऊन पडतं. जुन्या नोंदी कित्येकदा मोडीत असतात. 2023पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधल्या जाऊ लागल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ती याच कारणानं. त्यात नावाचा घोळ असतोच: एका कागदावर 'ज्ञानू', दुसऱ्यावर 'ज्ञानदेव', तिसऱ्यावर आडनावाऐवजी गावाचं नाव. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आलं. वडिलांची, चुलत्यांची किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर वाट बरीच सोपी होते. घरात पहिल्यांदाच कोणी काढत असेल तर वर्षभराची तयारी ठेवावी. एक दिलासा मात्र आहे. हे प्रमाणपत्र एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं आणि धाकट्यांच्याही उपयोगी पडतं. शहाणी ज्युनियर कॉलेजं अकरावीतच मुलांकडून हा अर्ज भरून घेतात. कॉलेजनं सूचना लावली नाही तरी आपण जाऊन विचारावं.

बाकीच्या दाखल्यांचं गणित वेगळं. काही कागद लोणच्यासारखे असतात, जुने झाले तरी बिघडत नाहीत. काही दुधाच्या पिशवीसारखे, त्यांच्यावर तारीख छापलेली असते. अधिवासाचा दाखला, दहावीची मार्कशीट, व्हॅलिडिटी हे पहिल्या जातीचे. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रिमीलेअर हे दुसऱ्या. राज्याच्या प्रवेशात नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षी थोरल्यासाठी काढलेलं यंदा धाकटीला चालेल, या भरवशावर राहू नये. आणि इथे आणखी एक खाच आहे. आयआयटी, एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, आणि जोसामार्फत (आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त जागावाटपातून) होणाऱ्या प्रवेशात तर ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेले असावे लागतात. राज्याची ओबीसी यादी आणि केंद्राची यादी एकच नाही. राज्याचा एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला केंद्रीय संस्थेत उपयोगी पडत नाही. म्हणून मूल कोणकोणत्या दारांत उभं राहणार आहे हे एप्रिलमध्येच ठरवून, लागतील ते दोन्ही नमुने एकाच फेरीत काढून घ्यावेत. सेतूवरची मंडळी विचारलं तर नीट सांगतात. आपणच 'दाखला द्या' एवढंच म्हणतो.

नावाचा प्रश्न दाखल्यांपुरता थांबत नाही. आपल्या मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. वडिलांच्या नावात कुठे 'राव' असतो, कुठे नसतो. आईचं नाव एका ठिकाणी माहेरच्या लाडाचं असतं. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही. दहावीची मार्कशीट हा पाया धरावा आणि बाकी सारे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण मंडळाच्या नोंदीत दुरुस्ती करून घेणं इतर कोणत्याही दुरुस्तीपेक्षा जिकिरीचं आहे. त्यातच आधारचं पाहून घ्यावं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नि डोळ्यांची नोंद नव्यानं द्यावी लागते, आणि दुसरी वेळ अनेक घरांत निसटून जाते. ठसे जुळले नाहीत की परीक्षा केंद्रावर किंवा बँकेत अडवणूक होते, आणि तेव्हा आधार केंद्रात रांग लावायला सवड नसते.

कागद जमले की ते ठेवायचे कसे? फाइल एकच असावी, प्लास्टिकच्या खणांची, आणि मूळ कागद तिच्यात राहावेत. झेरॉक्सचे संच वेगळे. राज्य सरकारनं बहुतेक कामांत स्वयंसाक्षांकित प्रती चालतील असं ठरवल्याला दहा वर्षं उलटली, तरी राजपत्रित अधिकारी शोधत फिरणारे पालक अजून भेटतात. डिजिलॉकरचा उपयोग जरूर करावा, पण त्यातला एक फरक समजून. मंडळानं, आरटीओनं किंवा इतर यंत्रणेनं थेट त्यात पाठवलेला कागद कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. आपण मोबाइलवर फोटो काढून चढवलेला कागद मात्र फोटोच राहतो.

मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ई-मेल. फॉर्म भरायला सायबर कॅफेत जायचं, कॅफेवाल्या दादांनी त्यांच्याच ई-मेलवर खातं उघडायचं, पासवर्ड त्यांच्या वहीत, आणि ओटीपी बाबांच्या फोनवर, जो बाबांसोबत शिफ्टला गेलेला. हे दृश्य गावोगाव आहे. मुलाचा स्वतःचा ई-मेल, स्वतःचा नंबर, आणि सगळे अर्ज क्रमांक, लॉगिन आणि पासवर्ड एका छोट्या वहीत हातानं लिहिलेले, एवढं दहावीच्या सुट्टीतच करून ठेवावं. नंबर मध्येच बदलू नये. स्वस्त प्लॅनसाठी बदललेला नंबर पुढे चार वर्षं शिष्यवृत्तीच्या ओटीपीला नडतो.

शिष्यवृत्तीवरून पैशांकडे. महाडीबीटीवरून येणारी रक्कम आपण फॉर्मवर कोणतं खातं लिहिलं त्यावर जात नाही. आधारशी जोडलेलं खातं म्हणून एनपीसीआयकडे ज्या बँकेची नोंद आहे, तिथे ती जमा होते. मुलाच्या नावानं शाळेत असताना एक खातं उघडलेलं, मग पोस्टात एक, मग कॉलेजच्या आवारातल्या बँकेत एक. पैसे जातात शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते बंद पडलं असेल तर परत फिरतात. कोणतं खातं जोडलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 2024-25पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च त्यात येत नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

ज्या घरांत एका प्रवेशाचे पैसे भरून दुसऱ्याची वाट बघितली जाते, त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर 2018ची अधिसूचना वाचून ठेवावी. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी जागा सोडली तर पूर्ण शुल्क परत मिळतं, त्यातून प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापता येतात. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर 90 टक्के, तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत 80, पुढच्या पंधरांत 50, आणि त्यानंतर काही नाही. मूळ कागद संस्थेनं ठेवून घेऊ नयेत, हेही तिच्यातच आहे. पडताळून परत द्यायचे असतात. कॅपमधले रद्द करण्याचे नियम त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात, ते वेगळे वाचावेत. आणि पसंतीक्रम भरताना एक भान ठेवावं. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. म्हणजे 'सहज टाकून बघू' म्हणून वर लिहिलेलं कॉलेज नागपूरला असेल आणि घर रत्नागिरीला, तर तो निर्णय त्या क्लिकलाच झाला. मुलगी इतक्या लांब राहील का, मेस परवडेल का, यावरची घरातली बैठक फॉर्म भरायच्या आधी व्हायला हवी. निकालाच्या रात्री होणारी बैठक भांडणाची असते.

राहण्याची सोय हा प्रवेशाचाच भाग आहे, असं मानण्याची महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. पुण्यात विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत शिकले. शाहू महाराजांनी 1901मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी 1924मध्ये साताऱ्यात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. पुण्यात 1955मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती आजही खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना कमी खर्चात ठेवते. या माणसांनी एक ओळखलं होतं: फी भरता येते म्हणून मूल शिकत नाही, राहता येतं म्हणून शिकतं.

आजही राहण्याच्या सोयीचा अर्ज वेगळा असतो, आणि तोच विसरला जातो. कॉलेजचा प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नव्हे. समाजकल्याणच्या वसतिगृहांचा अर्ज वेगळा, आदिवासी विकासचा वेगळा, संस्थेच्या हॉस्टेलचा वेगळा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतर काही प्रवर्गांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यांच्या अटी आणि मुदती दरवर्षी पाहाव्या लागतात. हॉस्टेलच्या फॉर्मसोबत रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र येतं, विद्यार्थ्याचं एक आणि पालकाचं एक. बहुतेक जण ते न वाचता सही करतात. वाचावं, आणि 1800-180-5522 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तेव्हाच साठवून द्यावा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999पासून आहे, हेही त्याला सांगावं.

आता अठरा वर्षांबद्दल, कारण घर सोडणं आणि सज्ञान होणं या दोन गोष्टी आपल्याकडे साधारण एकाच सुमारास येऊन आदळतात. अठराव्या वाढदिवसानंतर मुलाचं अज्ञान म्हणून उघडलेलं खातं पालकांच्या सहीनं चालत नाही. नवी सही, नवं केवायसी द्यावं लागतं. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो नसतो आणि सहीही नसते, ते नव्यानं करून घ्यावं. मतदार नोंदणीचा अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो आणि 2022पासून वर्षात चार पात्रता तारखा आहेत, त्यामुळे जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालायचं की घरच्या, हे विद्यार्थ्यानं ठरवायचं. दोन्हीकडे मात्र नाही. आरोग्य विम्याचं कार्ड, रक्तगट, ॲलर्जी आणि नेहमीच्या गोळ्यांची नावं मुलाला तोंडपाठ हवीत. 'आईला माहीत आहे' हे उत्तर पुण्यातल्या दवाखान्यात रात्री अकराला कामाचं नाही.

सामानाबद्दल थोडकंच. पहिल्या तीन दिवसांना लागेल तेवढं न्यावं: पांघरूण, कुलूप, दोरी-चिमटे, तांब्या-ताट, औषधं, चार्जर. बादली, मग, गादी तिथेच मिळतात आणि सहनिवासी काय घेऊन आलाय ते पाहून घेतलेली बरी. शेगडी-किटलीवर बहुतेक हॉस्टेलांत बंदी असते, ती ट्रंकेत लपवून देण्याचा आया-मावश्यांचा कार्यक्रम वॉर्डनना चांगला ठाऊक असतो. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी द्यावी. लाडू पहिल्याच रात्री खोलीभर वाटले जातात, म्हणून जास्त द्यावेत. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024पासून साठ दिवस आधीच उघडतं आणि प्रवेशाची तारीख तेवढी आधी कळत नाही, तेव्हा जायच्या तिकिटापेक्षा गणपतीला किंवा दिवाळीला परत यायच्या तिकिटाची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवणं शहाणपणाचं.

राहिला प्रश्न, हे सगळं करायचं कोणी? आपल्याकडे ते बाबा करतात, किंवा मामा, किंवा मंत्रालयात ओळख असलेले शेजारचे काका. मूल अभ्यास करतं किंवा केल्यासारखं दिसतं. परिणामी पहिल्या सत्रात बोनाफाइड हवं झालं की फोन घरी येतो. सीईटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फाइल मुलाच्या हातात द्यावी, हे माझं मत थोडं कठोर वाटेल, पण त्याला पर्याय मला दिसत नाही. तहसीलच्या खिडकीवर त्यानं बोलावं, आपण मागे बाकावर बसावं. बँकेत पैसे भरायची स्लिप तिनं लिहावी. चुकेल, पुन्हा जावं लागेल, एक दिवस वाया जाईल. मे महिन्यात वाया गेलेला दिवस परवडतो, ऑगस्टमधला परवडत नाही.

तुमचं मूल सध्या अकरावीत असेल आणि घरात कोणाचीही व्हॅलिडिटी झालेली नसेल, तर पुढच्या सुट्टीत त्याला घेऊन गावच्या शाळेत जा आणि आजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी अर्ज त्यालाच लिहू द्या.